जमवणं, वाचवणं आणि जगू देणं : सायकसच्या संग्रहाचा इतिहास



व्याख्यानासाठी विषय विचारायला आयोजकांचा फोन आला तेव्हा मी कांटवर किंवा शंकराचार्यांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. साहजिकच आहे, जन्मभर मी तेच शिकवलं. मी म्हटलं, "या वेळी सायकसवर बोलतो." पलीकडे क्षणभर शांतता. मग त्यांनी जपून विचारलं, "सर, म्हणजे सायकॉलॉजी का?" (हशा)

नाही. सायकस हे झाड आहे, आणि ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. बंगल्याच्या फाटकाच्या दोन्ही बाजूंना, मंगल कार्यालयाच्या पायऱ्यांजवळ, बँकेच्या दारात. बुटकं, खरखरीत खोड, वर गडद हिरव्या, टोकदार पानांचा गोल मुकुट. नर्सरीत त्याला 'सागो पाम' म्हणतात. या नावातले दोन्ही शब्द चुकीचे आहेत. ते पाम नाही. ताडमाडाशी त्याचं नातं जवळजवळ आंब्याशी असावं इतकं लांबचं आहे. आणि आपला उपासाचा साबुदाणाही त्याचा नव्हे. तो कसावाच्या कंदापासून होतो, तामिळनाडूत सेलमच्या बाजूला. सायकसच्या खोडात पिष्ट असतं हे खरं, पण त्यात विषही असतं. त्या विषाकडे नंतर येतो.

माझ्या अंगणात आणि गच्चीवर मिळून सायकस कुळातली एकोणीस झाडं आहेत. आमच्या सौ. त्यांना 'तुमची न बोलणारी मुलं' म्हणतात. गेली तीसेक वर्षं मी हा नाद करतो आहे. नादाबरोबर वाचन होत गेलं, आणि वाचताना असं लक्षात आलं की ही झाडं जमवणाऱ्या माणसांचा इतिहास म्हणजे तत्त्वज्ञानातल्या एका जुन्या प्रश्नाचा इतिहास आहे. प्रश्न असा : एखादी गोष्ट आपल्याला फार आवडली, तर ती जपण्यासाठी आपल्याजवळ आणावी, की आहे तिथेच राहू द्यावी? आणि आणली, तर आपण नेमकं काय आणतो? या बाबतीत माझ्या हातून एक चूक झालेली आहे. ती शेवटी सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मला हे व्याख्यान देण्याचा अधिकार नाही.

आधी झाडाची थोडी ओळख. जगात सायकस आणि त्याची भावंडं मिळून सुमारे साडेतीनशे जाती आहेत. यांना फूल येत नाही, शंकू येतो. बी फळात झाकलेलं नसतं, उघडं असतं, म्हणून ही अनावृतबीजी झाडं. नर वेगळा, मादी वेगळी. पपईसारखंच म्हणा ना. फरक एवढाच की पपई वर्षाच्या आत आपलं लिंग सांगते; सायकसला शंकू येईपर्यंत दहा-पंधरा वर्षंसुद्धा जातात, आणि तोपर्यंत समोर नर आहे की मादी हे कळायला मार्ग नसतो. वाढ अतिशय सावकाश. वर्षाला पानांचं एक मंडल आलं तरी आनंद मानायचा.

आता इतिहास. सुरुवात आपल्या किनाऱ्यावर होते. सतराव्या शतकात कोची डच कंपनीच्या ताब्यात होतं आणि तिथला गव्हर्नर होता हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड. या गृहस्थाने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, 'होर्टुस मलाबारिकुस'. १६७८ ते १६९३ या काळात तो अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. त्यात झाडांची माहिती देणारा मुख्य माणूस इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्य. त्याच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांचं नागरी लिपीतलं, कोकणी भाषेतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. गोव्याकडून कोचीला गेलेल्या समाजातली ही माणसं. या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात 'तोड्डा पन्ना' या नावाने सायकसची चित्रं आहेत. पुढे १७५३ साली लिनियसने 'सायकस सर्सिनॅलिस' हे शास्त्रीय नाव दिलं ते मलबारच्या याच वर्णनाचा आधार घेऊन. 'सर्सिनॅलिस' म्हणजे गुंडाळी केलेलं. कोवळं पान उलगडताना बघा, प्रत्येक पर्णिका घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते.

गंमत बघा. लिनियसने त्याला ताडमाडांतच बसवलं. 'सायकस' हा शब्दसुद्धा एका प्रकारच्या पामसाठी असलेल्या जुन्या ग्रीक शब्दाच्या चुकीच्या नकलेतून आला, असं मानतात. म्हणजे आजचा नर्सरीवाला 'पाम' म्हणतो तेव्हा तो एकटा चुकत नाही, थोर परंपरेत चुकतो! (हशा) ही झाडं फुलझाडांच्या पंक्तीतली नव्हेत, त्यांचं बी उघडं असतं, हे रॉबर्ट ब्राउनने १८२०च्या दशकात दाखवलं तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

मला मात्र ऱ्हीडच्या ग्रंथातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यात झाड आहे, आणि त्या झाडाला ओळखणारी माणसंही आहेत. झाड काढून नेलेलं नाही. चित्र आणि ज्ञान नेलं आहे. पुढच्या शतकात हे बदललं. झाडच उचलून न्यायला सुरुवात झाली.

फ्रान्सिस मॅसन नावाचा एक माळी होता. लंडनजवळच्या क्यू उद्यानाने परदेशी पाठवलेला हा पहिला वनस्पतिसंग्राहक. १७७२ साली कॅप्टन कुकच्या जहाजातून तो दक्षिण आफ्रिकेत केपला उतरला. तिथून त्याने जी झाडं आणली, त्यांत आजच्या ईस्टर्न केप भागातलं सायकस कुळातलं एक झाड होतं. १७७५ साली ते क्यूला पोचलं. ते आजही तिथे आहे. कुंडीत आहे! जगातलं सर्वांत जुनं कुंडीतलं झाड म्हणून ते दाखवतात. खोड चार मीटरांहून लांब झालं आहे, पण सरळ नाही. तिरकं वाढलंय, खाली टेकू दिलेले आहेत. इतक्या वर्षांत त्याला एकदाच शंकू आला, १८१९ साली. तो बघायला सर जोसेफ बँक्स मुद्दाम गेले. मॅसनला पाठवण्यामागे तेच होते. पुढच्या वर्षी ते वारले.

या झाडाचं नाव एन्सेफलार्टोस अल्टेनस्टाइनी. हे नाव वाचून मी खुर्चीत उठून बसलो. अल्टेनस्टाइन हा प्रशियाचा शिक्षणमंत्री, ज्याने १८१८ साली हेगेलला बर्लिन विद्यापीठात बोलावून आणलं. चाळीस वर्षं हेगेल शिकवला, आणि त्याला नोकरी देणारा मंत्री मला भेटला कुठे, तर झाडाच्या पाटीवर.

विनोद बाजूला ठेवू. अडीचशे वर्षं ते झाड एका कुंडीतून दुसऱ्या मोठ्या कुंडीत जात राहिलं. फ्रेंच राज्यक्रांती झाली, पेशवाई गेली, दोन महायुद्धं झाली, ते वाढत राहिलं. याला यश म्हणायचं की नाही? माळीकामाच्या दृष्टीने प्रचंड यश आहे. पिढ्यान्‌पिढ्या माळ्यांनी हात न चुकता त्याला पाणी दिलं, ही साधी गोष्ट नाही. पण त्या झाडापासून क्यूमध्ये वंश पुढे गेला का, त्याच्याभोवती त्याचं जग होतं का, असं विचारलं तर उत्तर वेगळं येतं. हा फरक नीट दिसतो तो दुसऱ्या एका झाडाच्या गोष्टीत. आजच्या विषयाचा गाभा तोच आहे.

जॉन मेडली वूड हे दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख. १८९५ साली झुलूलँडमधल्या ङ्गोये जंगलाच्या कडेला, उतारावर, त्यांना सायकस कुळातलं एक वेगळं झाड दिसलं. एकच बेट होतं, त्यात चार खोडं. सगळी नर. एकाच मुळातून फुटलेली, म्हणजे खरं तर एकच झाड. त्या जातीचं दुसरं झाड आजूबाजूला नव्हतं. पुढे या जातीला वूड यांचंच नाव मिळालं : एन्सेफलार्टोस वूडाय.

आता पुढच्या तारखा मी सावकाश सांगतो. १८९९ : एक झाड क्यूला रवाना. १९०३ : वूड यांचे सहकारी जेम्स वायली यांनी बुंध्याजवळची पिल्लं काढून डर्बनला आणली. १९०७ : मोठ्या खोडांपैकी दोन डर्बनला. १९१२ : जंगलात एकच खोड शिल्लक, तेही जखमी. १९१६ : वनखात्याने ते शेवटचं खोड उपटवून प्रिटोरियाला पाठवलं. १९६४ : ते तिथे मेलं.

कोणीही वाईट हेतूने काही केलेलं नाही, हे लक्षात घ्या. प्रत्येक पायरीवर सद्‌हेतू आहे. झाड दुर्मीळ आहे, जंगलात त्याला धोका आहे, म्हणून सुरक्षित जागी नेऊ या. आणि ते नेलं नसतं तर ही जात आज उरलीच नसती असं म्हणणाऱ्यांचं म्हणणंही खोटं नाही. डर्बनमधली खोडं जगली. त्यांच्या पिल्लांपासून जगभरच्या उद्यानांत आणि संग्राहकांकडे आज वूडायची झाडं आहेत. क्यूमधल्या झाडाला २००४ साली पहिल्यांदा शंकू आला, तिथे पोचल्यानंतर एकशे पाच वर्षांनी. वर्तमानपत्रांनी लिहिलं, 'जगातलं सर्वांत एकाकी झाड'. मादी कधीच सापडली नाही. अलीकडे ड्रोन उडवून, त्याच्या छायाचित्रांत संगणकाकडून शोध घेऊन ङ्गोयेमध्ये मादी धुंडाळण्याचे प्रयत्न झाले आहेत. मधल्या काळात माळ्यांनी एक उपाय काढला : वूडायचा पराग नाताळ भागातल्या जवळच्या जातीच्या मादीवर टाकायचा, येणाऱ्या संकरित रोपांतल्या माद्यांवर पुन्हा वूडायचा पराग, असं पिढ्यान्‌पिढ्या. दर पिढीला वूडायचा अंश वाढतो. पण एका पिढीला पंधरा-वीस वर्षं लागू शकतात. हिशेब तुम्हीच करा.

आता तत्त्वज्ञानाच्या मास्तराचा प्रश्न. वूडाय ही जात जिवंत आहे का?

मिलिंदप्रश्नात राजा मिनँडर आणि नागसेन यांच्यातला दिव्याचा संवाद तुम्हाला आठवत असेल. रात्रभर दिवा जळतो. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का वेगळी? नागसेनाचा रोख असा, की धड तीच नाही आणि धड दुसरीही नाही. एकीच्या आधाराने दुसरी असते. वूडायचं पिल्लू आईपासून, म्हणजे बापापासून म्हणा, वेगळं केलं की ते वेगळं झाड झालं का? कुंड्या मोजल्या तर शेकडो भरतील. आनुवंशिक दृष्टीने मात्र ङ्गोयेच्या उतारावरचं ते एकच झाड आहे, तुकड्या-तुकड्यांनी जगभर विखुरलेलं. ज्योत विझली नाही हे खरं. पण ती दुसऱ्या वातीला लागतही नाही.

म्हणून मी तीन शब्द वेगळे करतो. जमवणं, वाचवणं आणि जगू देणं. जमवणाऱ्याला वस्तू हवी असते. वाचवणाऱ्याला वस्तू टिकायला हवी असते. जगू देणं मात्र वस्तूचं नसतं. ते संबंधांचं असतं. नर आणि मादी, पराग नेणारे भुंगेरे, मुळांतले सूक्ष्म जीव, उतार, पाऊस, आणि हो, त्या झाडाला ओळखणारी माणसं.

यावर कोणी म्हणेल, सर, तुम्ही संग्राहकांवर अन्याय करता. तर दुसरी बाजूही सांगतो. १८९६ साली जपानमध्ये एकाच वर्षात दोन शोध लागले. साकुगोरो हिरासे यांना गिंकोच्या झाडात, आणि सेइइचिरो इकेनो यांना सायकस रिव्होल्युटामध्ये, म्हणजे आपल्या मंगल कार्यालयाच्या दारातल्या त्याच सायकसमध्ये, पोहणारे शुक्राणू दिसले. पराग आत पोचल्यावर त्यातून शेपट्यांची झालर असलेली पेशी बाहेर पडते आणि बीजांडातल्या थेंबभर द्रवात पोहत जाते! नेच्यासारखी. बी धरणाऱ्या झाडांत असं काही असेल यावर आधी कोणाचा विश्वास बसेना. हिरासे हे विद्यापीठात चित्रं काढायच्या कामावर होते, संशोधक म्हणून नव्हे. १९१२ साली दोघांना जपानच्या अकादमीचं इम्पीरियल पारितोषिक मिळालं. सुरुवातीला ते फक्त इकेनोंना द्यायचं घाटत होतं, आणि हिरासेंना देणार नसाल तर मलाही नको, असं इकेनोंनी कळवलं, असं सांगतात. हे शोध ज्या झाडांवर लागले ती माणसांच्या वस्तीतली झाडं होती. हिरासेंचा गिंको तर टोकियोच्या कोइशिकावा उद्यानातला. तेव्हा बागेतलं झाड ज्ञानाला आंधळं असतं असं मी मुळीच म्हणत नाही. रोज बघता येणारं झाडच आपलं गुपित सांगतं.

आता विषाकडे येतो. एन्सेफलार्टोस या ग्रीक नावाचा अर्थच 'डोक्यात भाकरी असलेलं'. खोडाच्या गाभ्यातलं पिष्ट काढून, पुरून, आंबवून आफ्रिकेतले लोक भाकरी करत. केरळात सायकसच्या बियांना 'ईंथ' म्हणतात. त्या कापून, वाळवून, पाणी बदलत भिजवून मग त्यांचं पीठ करतात. हे पाण्याचे हात चुकले तर माणूस मरतो. १७७० साली कुकच्या जहाजावरच्या लोकांनी ऑस्ट्रेलियात या बिया खाल्ल्या आणि आजारी पडले. जहाजावरची काही डुकरं मेली. तिथले आदिवासी हजारो वर्षं त्याच बिया धुऊन खात होते. ओकिनावात १९२०च्या दशकात साखरेचे भाव कोसळले तेव्हा उपाशी लोक सायकसवर आले. त्या काळाला तिथे 'सोतेत्सु जिगोकु' म्हणतात, सायकसचा नरक. उपासमारीत धुण्याला लागणारा वेळ कोणाकडे नव्हता.

या संदर्भात एका मोठ्या माणसाची गोष्ट आहे. १९०१ साली बोअर युद्धात जनरल स्मट्‌स आपल्या तुकडीसह झुअरबर्गच्या डोंगरात अडकले होते. भुकेल्या सैनिकांनी या झाडाचा 'ब्रेड' खाल्ला. अनेक जण गडबडा लोळू लागले. स्वतः स्मट्‌स मरता मरता वाचले. हेच ते स्मट्‌स, ज्यांच्याशी गांधीजी दक्षिण आफ्रिकेत लढले आणि ज्यांना तुरुंगात केलेल्या चपला त्यांनी भेट दिल्या. पुढे स्मट्‌स पंतप्रधान झाले, हौशी वनस्पतिशास्त्रज्ञ झाले, आणि १९२६ साली त्यांनी 'होलिझम अँड इव्होल्यूशन' हे पुस्तक लिहिलं. 'होलिझम' हा शब्द त्यांचा : समग्र हे भागांच्या बेरजेहून अधिक असतं. मला नेहमी वाटतं, सगळ्यात सोपा धडा त्यांना त्या डोंगरातच मिळाला होता. झाड हाताशी होतं, भूक होती; पण त्या झाडाभोवतीचं ज्ञान ज्या काळ्या माणसांकडे होतं त्यांना त्यांच्या समग्रात जागा नव्हती. गांधीजींचं भांडण त्यांच्याशी तेच तर होतं.

आता एका लाडक्या समजुतीला धक्का द्यायचा आहे. सायकसला सगळे 'जिवंत जीवाश्म' म्हणतात. हा शब्द डार्विनचा, १८५९चा; त्याने तो काही मासे आणि प्लॅटिपससाठी वापरला. नर्सरीवाला सांगतो, 'साहेब, डायनासोरच्या काळातलं झाड आहे', आणि किंमत दुप्पट करतो. (हशा) या कुळाचे जीवाश्म सुमारे अठ्ठावीस कोटी वर्षांपर्यंत मागे जातात हे खरं. झारखंडमधल्या राजमहालच्या टेकड्यांत सायकससारख्या दिसणाऱ्या झाडांचे सुरेख जीवाश्म मिळतात. बिरबल साहनींनी १९३२ साली त्यांतल्या एका झाडाचं संपूर्ण चित्र उभं केलं. पण ती झाडं दिसायला सायकससारखी असली तरी गट वेगळा होता, आणि तो गट संपला. २०११ साली 'सायन्स' नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात असं दिसलं की आज असलेल्या बहुतेक सायकस-जाती गेल्या सव्वा कोटी वर्षांतच निर्माण झाल्या. म्हणजे घराणं जुनं, माणसं नवी. आपण इनामदारांच्या वाड्यात जाऊन तिथल्या पोराला 'शिवकालीन' म्हणण्यासारखं आहे हे!

याने काय फरक पडतो? फार पडतो. एखाद्या झाडाला आपण 'थांबलेला काळ' समजलो की ते वस्तू होतं, पुराणवस्तू. पुराणवस्तू जागेवरून हलवली तरी चालते. पण ते जर आत्ता, या क्षणी घडत असलेलं जीवन असेल, तर त्याला जागा लागते, सोबत लागते. १९८०च्या दशकापर्यंत बहुतेक पुस्तकं सांगत होती की सायकसचा पराग वाऱ्याने जातो. मग दिसून आलं की अनेक जातींत हे काम छोटे भुंगेरे करतात. नर-शंकू संध्याकाळी गरम होतो, उग्र वास सोडतो, किडे मादीकडे जातात. दर जातीचे किडे बहुधा ठरलेले. आपण खोड घेऊन येतो. भुंगेरे कोण आणणार?

आणि कधी कधी आपण नको ते आणतो. ग्वाम बेटावर, पॅसिफिकमध्ये, सायकस मायक्रोनेसिका हे झाड इतकं होतं की २००२च्या मोजणीत तिथल्या जंगलात सर्वाधिक संख्येने तेच आढळलं. २००३ साली तिथे एक खवलेकीड सापडली. मूळची आग्नेय आशियातली ही पांढरी, पिठासारखी दिसणारी कीड शोभेच्या सायकसच्या व्यापाराबरोबर जगभर पसरली आहे. २००६ साली तेच ग्वामचं झाड संकटग्रस्तांच्या यादीत आलं. फाटकाजवळ शोभा हवी होती, एवढंच कारण. दक्षिण आफ्रिकेत तर चोरांनी कहर केला. केपटाउनच्या कर्स्टनबॉश उद्यानात, जे १९१३ साली हॅरल्ड पिअर्सन यांनी उभारलं आणि जिथली सुरुवातीची लागवडच सायकसची होती, २०१४ साली वीसहून अधिक झाडं उपटून नेली. त्यांतली बहुतेक लॅटिफ्रॉन्स जातीची, जी जंगलात शंभरसुद्धा उरलेली नाहीत. आधीपासून खोडांत मायक्रोचिप घालत होते. चोर ती शोधून काढायला शिकले. जमवणारा नसता तर चोर नसता.

आता माझी चूक.

एकोणीसशे नव्वदच्या दशकात एका विक्रेत्याने मला अडीच फुटी खोड दाखवलं. पानं छाटलेली, मुळं तोडलेली. "सर, सर्सिनॅलिस आहे, घाटातलं, असं परत मिळायचं नाही." ते 'परत मिळायचं नाही' हे वाक्य ऐकून मला थांबायला हवं होतं. मी ते ऐकून पैसे काढले. नीतिशास्त्र शिकवणारा मनुष्य! ते कुठून आणलं, कोणी उपटलं, परवानगी होती का, यातला एकही प्रश्न मी विचारला नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. पहिल्या पावसाळ्यात त्याला सुंदर पानं फुटली. मी लोकांना बोलावून दाखवलं. ती पानं खोडात साठलेल्या अन्नावर आली होती, मुळं धरलीच नव्हती. दोन वर्षांनी एक दिवस बोट लावलं तर खोड आत भुसभुशीत, पोकळ. अडीच फूट खोड म्हणजे डोंगरावरची कित्येक दशकं. माझ्या दोन वर्षांच्या मिरवण्यासाठी.

ते मेल्यावर मी काही नियम केले. घरी लावणाऱ्यांना उपयोगी पडतील म्हणून सांगतो.

पहिला : खोड विकत घ्यायचं नाही, रोप किंवा पिल्लू घ्यायचं, आणि कुठून आलं हे विचारायचं. उत्तर देता येत नसेल तर घ्यायचं नाही. तिरुमलाच्या डोंगरातलं सायकस बेडोमी तर वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक यादीत आहे. 'माझ्याकडे बेडोमी आहे' असं कोणी सांगितलं तर कौतुक करू नका, कागद विचारा.

दुसरा : पाण्यापेक्षा निचरा महत्त्वाचा. आपल्याकडे सायकस तहानेने मरत नाही, सडून मरतं. जाड वाळू आणि विटांचे तुकडे भरपूर घाला, मुकुटात पाणी साचू देऊ नका. कुंडी बदलताना मातीच्या वरच्या थरात पोवळ्यासारख्या गाठी दिसतील. रोग समजून कापू नका. त्यांत नीलहरित शैवाल राहतं आणि हवेतला नत्र झाडाला मिळवून देतं. कुंडीतसुद्धा तो संसार आहे, तेवढा तरी मोडू नका. आणि घरात कुत्रं असेल तर बिया उचलून ठेवा, त्या विषारी आहेत.

तिसरा : नवी पानं आली की एक लहान निळसर फुलपाखरू येतं आणि कोवळ्या पानांवर अंडी घालतं. आठवड्यात अळ्या पानांचा फडशा पाडतात, मुंग्या अळ्यांची राखण करतात. पूर्वी मी औषध मारायचो. आता एकोणीसपैकी दोन झाडं त्यांना सोडली आहेत. बाकीच्यांवरून हाताने वेचून या दोन झाडांवर आणून ठेवतो. (हशा) हसा, पण त्या निमित्ताने माझ्या गच्चीवर एक संबंध तरी जिवंत आहे.

चौथा नियम महत्त्वाचा : नर-मादीची गाठ घालून द्यायची. माझ्याकडची रिव्होल्युटाची मादी कित्येक वर्षं वांझ बिया देत होती. तीन गल्ल्या पलीकडे एका बंगल्यात नर होता. त्यांच्या मालकांकडे गेलो, "तुमच्या झाडाचा पराग हवा आहे" म्हटलं, त्यांनी आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं. कागदाच्या पुडीत पराग आणला, मादीच्या मखमली पानांत भुरभुरला. भुंगेऱ्याचं काम प्राध्यापकाने केलं. शेंदरी बिया धरल्या. हातमोजे घालून गर काढला, वाळूत अर्ध्या पुरल्या, काही महिन्यांनी एकेक पान वर आलं. ङ्गोयेच्या त्या नराच्या नशिबी जे नाही ते आपल्या गल्लीत एका पुडीने होतं. दोन बागा एकमेकींशी बोलल्या पाहिजेत, एवढंच.

शेवटी परत आफ्रिकेत जातो. दक्षिण आफ्रिकेच्या उत्तरेला लिंपोपो प्रांतात बालोबेदु लोकांची पर्जन्यराणी असते, मोजाजी. तिच्या डोंगरावर सायकस कुळातल्या उंच झाडांचं अख्खं जंगल आहे. पिढ्यान्‌पिढ्या राण्यांनी ते राखलं. कोणी ते जमवलं नाही, कोणी ते वाचवण्यासाठी उपटलं नाही. आपल्या देवराया आठवा, तीच रीत. म्हणून ते आजही जंगल आहे. तिथे नर आहेत, माद्या आहेत, रोपं आहेत. वूडायच्या वाट्याला आलेल्या सगळ्या माणसांपेक्षा या राण्यांनी कमी काम केलं, आणि जास्त साधलं.

आपण सगळे काही राण्या नाही. आपल्याकडे डोंगर नाही, गच्ची आहे. गच्चीवर जंगल होत नाही, आणि माझ्या एकोणीस कुंड्यांनी एकही जात वाचणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या नादाचं ओझं डोंगरावर पडणार नाही एवढं मी बघू शकतो. बागेत वाढवलेलं रोप हातोहात मिळालं तर डोंगरावरच्या खोडाला गिऱ्हाईक कमी होतं. घरच्या माळ्याचं कर्तव्य मला तेवढंच, आणि तितकं मोठं दिसतं.

आज येताना त्या पुडीतल्या परागाची सहा रोपं आणली आहेत. मागच्या टेबलावर आहेत. ज्यांना हवीत त्यांनी न्यावीत. अट एक : प्रत्येकाला चिठ्ठी लावलेली आहे, आई कोण, बाप कोण, साल कुठलं. ती चिठ्ठी हरवू देऊ नका. नर निघेल की मादी, हे मला कळायचं नाही. माझं वय शहात्तर आहे. तुम्हाला कळेल. कळलं की बाकीच्या पाच जणांना कळवा, म्हणजे झालं.